पाण्याला वजन देणारे टॅपलीसाहेब

श्री. ऑरिन टॅपली यांना मी प्रथम पाहिले तेव्हा ते पाण्याने भरलेली बादली घेऊन ऑफिसच्या व्हरांड्यात येरझारा घालत होते. मनामा शहरातल्या बाब अल बहरीन या जुन्या वेशीच्या मागच्या गल्लीत, एका कापडाच्या दुकानावर आमच्या जाहिरात कंपनीचे ऑफिस होते. माझा नोकरीचा पहिला दिवस होता. साठी उलटलेला एक अमेरिकन गृहस्थ बादली उचलतो आहे, तेव्हा सफाईवाला रजेवर असावा, अशी मी माझी समजूत करून घेतली. साहेबांनी मला नमस्कार केला, बादली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "जरा जिन्यापर्यंत चालून दाखवता का?"

मी चालले. नव्या नोकरीत नाही कसे म्हणायचे? साहेब माझ्याकडे नव्हे, माझ्या खांद्याकडे पाहत होते. मग त्यांनी सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले, "पाहा, या बाई तोंडाने हसताहेत, पण खांदा खरं बोलतोय. आपल्याला चित्रात हा खांदा काढायचाय."

इथल्या आपल्या मराठी मंडळातील बहुतेकांना साहेब माहीत आहेत ते शुक्रवारच्या चित्रवर्गामुळे. आपली मुले त्यांना 'मिस्टर टॅप' म्हणतात आणि त्यांच्या पांढऱ्या मिशांची चित्रे काढून त्यांनाच दाखवतात. ते स्वतःविषयी फारसे बोलत नाहीत, म्हणून त्यांचा पूर्वीचा प्रवास मी त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरव अंकात थोडक्यात सांगते.

त्यांचे वडील अमेरिकेतील एका लहान गावात न्हावी होते. दुकानात बसून गिऱ्हाइकांच्या माना आणि कान कागदावर काढता काढता साहेबांचा हात तयार झाला. एकोणिसाव्या वर्षी ते कॅलिफोर्नियात एका कार्टून स्टुडिओत लागले. तिथे त्यांचे पहिले काम सेल धुण्याचे होते. सेल म्हणजे पारदर्शक पातळ ताव. त्यावर पुढून शाईने चित्र गिरवायचे, मागून रंग भरायचा आणि एकेक सेल कॅमेऱ्याखाली ठेवून फोटो घ्यायचा. चित्रीकरण झाले की ते धुऊन पुन्हा वापरत. "मी थोरामोठ्यांचं काम धुऊन टाकून शिकलो," असे साहेब म्हणतात. धुण्यापूर्वी ते प्रत्येक ताव उजेडात धरून पाहत असत. पुढे ते हालचालीच्या दोन मुख्य चित्रांमधली जोडचित्रे काढू लागले, मग मुख्य ॲनिमेटर झाले, आणि मग दिग्दर्शक. मोठ्या चित्रपटाआधी दाखवायची सात-सात मिनिटांची कार्टून त्यांनी वर्षानुवर्षे केली. लोक पोट धरून हसत आणि मूळ चित्रपट सुरू झाला की विसरून जात. साहेबांना त्याचे कधी वाईट वाटले नाही. थिएटरवाल्यांनी छोट्या फिल्म घेणे थांबवले, स्टुडिओ बंद झाला, आणि ज्या हाताने शेकडो लोकांना शिकवले त्या हाताला नाश्त्याच्या पाकिटावरचा ससा काढावा लागला. त्याविषयी मी एकदा हळहळले, तर म्हणाले, "ससा चांगला होता हो." पत्नी गेल्यावर, सत्तरच्या दशकात, एका जुन्या शिष्याच्या बोलावण्यावरून ते एका वर्षासाठी बहरीनला आले. ते वर्ष अजून संपलेले नाही.

साहेबांचे मोठेपण मला ज्या प्रसंगातून कळले, तो आता सांगते. त्या वेळी माझे प्रोबेशन चालू होते. माझे मिस्टर इथल्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन होते आणि बॅचलर क्वार्टरमध्ये राहत. माझी नोकरी कायम झाली तरच आम्हाला घर घेता येणार होते, आणि घर मिळाले तरच वसईला माझ्या आईकडे ठेवलेली आमची नऊ वर्षांची मुलगी, ॲनी, इथे येऊ शकणार होती. तिच्या पत्रात दर वेळी एकच प्रश्न असे: "ममी, अजून किती?"

एका सरकारी खात्यासाठी आम्ही पाणी जपून वापरण्याविषयी फिल्म करत होतो. नायक एक म्हातारा मोती काढणारा पाणबुड्या. पूर्वीचे पाणबुडे समुद्राच्या तळच्या झऱ्यांतून गोडे पाणी कातडी पखालीत भरून वर आणत. आमचा म्हातारा ती पखाल पाठीवर घेऊन घरी चालतो, एवढेच अकरा सेकंदांचे दृश्य. साहेबांनी त्यासाठी मनामाच्या बाजारातल्या हमालांच्या मागे कितीतरी दिवस घालवले.

कॅमेरामन युसुफ मूळचा इथल्याच मुहर्रक बेटावरचा. त्याचा मदतनीस रजेवर गेल्याने सेल मांडायला मला बसवले. युसुफ वर स्टुलावर, नजर फ्रेम मोजणाऱ्या काट्यावर. खाली मी, कोणत्या फ्रेमला कोणता सेल ठेवायचा याचा त्याने आपल्या सोयीसाठी अरबी आकड्यांत उतरवून घेतलेला तक्ता समोर ठेवून. जे आकडे अनोळखी वाटले ते मी त्याला विचारून घेतले. एक आकडा मात्र ओळखीचा वाटला म्हणून विचारलाच नाही. अरबी पाच हुबेहूब आपल्या शून्यासारखा दिसतो. आणि साहेबांच्या पद्धतीत शून्य म्हणजे पात्र दिसायचे नाही, जागा रिकामी ठेवायची.

रीळ धुऊन यायला लंडनला जात असे. ते परत आले आणि खात्याच्या अधिकाऱ्यांसमोरच प्रथम लावले गेले. पडद्यावर म्हातारा पखाल घेऊन निघाला. चार चित्रे चालला की पखालीसकट नाहीसा! पुन्हा प्रकटला, पुन्हा नाहीसा!

"दीदी," युसुफ माझ्या कानाशी कुजबुजला, "आपने पांच को जीरो पढा?"

मी मान डोलावली. पण अधिकारी तर डोळे पुसत हसत होते. "वल्लाह, फारच छान! बायकोला चुकवतोय वाटतं! असंच राहू द्या."

आमचे मॅनेजर आपटे यांनी सुटकेचा श्वास सोडला. माझा तर त्यांच्याही आधी सुटला होता. तेवढ्यात साहेब उठले.

"माफ करा, सर. ही चूक आहे आणि ती आम्ही दुरुस्त करणार आहोत."

"पण मला हसू आलं!"

"ते हसू आम्ही कमावलेलं नाही. हा माणूस पाणी वाहतोय. तो नाहीसा झाला की पाण्याला वजन राहत नाही. आणि पाण्याला वजन नसेल तर लोक नळ कशाला बंद करतील?"

अधिकाऱ्यांनी रुमाल खिशात ठेवला. मग म्हणाले, "किती दिवस?"

"तीन आठवडे."

"इंशाल्ला," ते म्हणाले, पण आता ते हसत नव्हते.

बाहेर आल्यावर आपटे मला म्हणाले, "लोपीसबाई, तुमच्या कॉन्व्हेंटात आकडे शिकवत नव्हते का? या तीन आठवड्यांचं उत्तर वर मी काय देऊ? तुमचं प्रोबेशन संपलेलं नाही, लक्षात आहे ना?" (आपटे आज या अंकाचे संपादक आहेत. ते हे वाक्य कापणार नाहीत, एवढे मी त्यांना ओळखते.)

खरे सांगते, त्या क्षणी मला साहेबांचा राग आला. गिऱ्हाईक खूश होते. यांनी गप्प बसायला काय हरकत होती?

साहेब आपट्यांना म्हणाले, "उत्तर माझ्या नावाने द्या. एका खोलीत तीन लिपींत आकडे चालले होते आणि कोण कशात मोजतो हे मी विचारलंच नाही. उद्या सकाळी पुन्हा घेऊ. सेल मिसेस लोपीस मांडतील."

"साहेब, युसुफचा माणूस आलाय रजेवरून. आणि यांनीच तर..."

"म्हणूनच. पाच या आकड्याकडे यांच्याइतकं लक्ष या इमारतीत आता दुसरं कोणीही देणार नाही."

सकाळी त्यांनी मला विचारले, "कोणी ऐकत नसताना तुम्ही कशात मोजता?"

मला लाज वाटली. आमच्या शाळेत मराठीत मोजताना सापडले की सिस्टर बाकावर उभे करत. पण माझे वडील वसईला मराठी शाळेत मास्तर होते. इंग्रजी आकडे कळण्यापूर्वीच त्यांनी माझ्याकडून पाटी गिरवून घेतली होती. "मराठीत," मी म्हटले.

"मग मराठीतच मोजा. मोठ्याने."

मी खालून 'पाच' म्हणे, युसुफ वरून 'खम्सा' म्हणे, आणि साहेब मध्ये उभे राहून 'फाइव्ह' म्हणत सेलच्या कोपऱ्यातला आकडा पाहत. तिघांचे जुळले तरच बटण दाबायचे. दुपारपर्यंत घसे बसले. त्या दिवसापासून आमच्या स्टुडिओत प्रत्येक नव्या माणसाला साहेब पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि तिन्ही लिपींतला तक्ता त्यांनी स्वतःच्या हाताने काढून भिंतीवर लावला आहे.

रीळ लंडनला गेले. ॲनीचे पत्र आले, मी उत्तर लिहिले नाही. काय लिहिणार? पुन्हा रीळ आले, पुन्हा अंधार झाला. म्हातारा निघाला. एक पाऊल, दुसरे, तिसरे. गुडघा वाकला, पखाल हिंदकळली, खांदा खाली गेला. अकरा सेकंद तो कुठेही नाहीसा झाला नाही. दाराशी त्याने पखाल उतरवली तेव्हा अधिकाऱ्यांनी स्वतःच "हुश्श" केले आणि आपल्याच आवाजाने दचकले.

"खलास!" युसुफ म्हणाला. "दीदी, बूढा घर पहुंच गया."

मी रुमालात तोंड खुपसून रडले. त्याच आठवड्यात आपट्यांनी माझे कन्फर्मेशनचे पत्र काढले आणि वर "आता निवृत्तीच्या साठपर्यंत तरी मोजून दाखवा" असा टोमणा मारला. उन्हाळ्याच्या सुट्टीत ॲनी विमानातून उतरली. तिला घ्यायला साहेब आले होते. त्यांनी आधी तिची बॅग उचलून पाहिली आणि तिला गंभीरपणे विचारले, "यात आजी भरून आणली आहेस का?" ती इतकी हसली की मी ते आईला लिहिले, आणि हे मूल वर्षभर असे हसले नव्हते, असे आईने उलट पत्रातून कळवले.

गेल्या महिन्यात साहेबांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. ते निर्विघ्न पार पडेपर्यंत या अंकाचे काम आम्ही थांबवले होते, हे आता सांगायला हरकत नाही. पट्टी निघाल्यावर त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की समोरची नर्स डाव्या टाचेवर जास्त भार देते. डॉक्टरांनी नर्सकडे पाहिले. तिचा बूट चावत होता. आम्ही सर्वांनी देवाचे आभार मानले.

माझी मुलगी मला साहेबांमुळे मिळाली, हे मी त्यांना इतक्या वर्षांत धड सांगू शकलेले नाही. सांगायला गेले की ते चहा मागवतात, युसुफला हाक मारतात किंवा पेन्सिल शोधू लागतात. म्हणून आज छापून सांगते आहे. त्यांना मराठी वाचता येत नाही. ॲनीला मराठी कळते, पण बोलते ती इंग्रजीच. तेव्हा समारंभात हा लेख तीच त्यांना इंग्रजीतून वाचून दाखवणार आहे, आणि या ओळीशी आल्यावर थांबायचे नाही, अशी ताकीद मी तिला दिली आहे. पंच्याहत्तरी गाठलेल्या आमच्या साहेबांना परमेश्वर निरामय, दीर्घ आयुष्य देवो, त्यांची नजर अशीच तीक्ष्ण ठेवो, आणि माझ्या मुलीचे वाचून होईपर्यंत खुर्चीवरून न उठण्याची सद्बुद्धी देवो.