हंड्यातलं पाणी, समुद्रातलं शेवाळ

संगमनेरला समुद्र नाही. प्रवरा आहे, तीही धरणातून आवर्तन सुटलं तर भरून वाहणारी. त्यामुळे इथल्या कॉलेजात मी समुद्री शेवाळावर पीएच.डी. करायला घेतली, तेव्हा उंटावरून शेळ्या हाकतेय, असं पुष्कळांनी ऐकवलं. मी मात्र मीठ विरघळवून समुद्र तयार करायची आणि त्यात शेवाळ वाढवायची.

बोटीच्या बुडाला शिंपले चिकटू नयेत म्हणून विषारी रंग लावतात. त्यात मुख्य विष तांब्याचं, जोडीला तणनाशकासारखं दुसरं. एकेकटं थोडंसं असलं, तर पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ ते सोसतं. दोन्ही एकत्र आली की तेवढ्याच प्रमाणात ते मरतं का, हे मला पाहायचं होतं. लहान मासे शेवटी ह्याच शेवाळावर जगतात.

दिवाळीला आई कर्जतहून माझ्याकडे राहायला आली. कॉलेज बंद होतं, म्हणून मी शेवाळाच्या बाटल्या घरी खिडकीत आणून ठेवल्या होत्या. आईने हे काय, म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं.

"आनि नीट वाढल्यावर?"

"रंगातलं औषध घालायचं. किती मरतं ते मोजायचं."

"मारायलाच वाढवती व्हय गं?"

"बोकड नाही का वाढवत?"

"बोकड खायला असतो," आई म्हणाली.

त्याच आठवड्यात मी कॅनमधल्या शुद्ध पाण्यात मीठ विरघळवून ताजं खारं पाणी केलं आणि बाटल्यांत घातलं. औषधाचा थेंबही घातला नव्हता, तरी दोन दिवसांत सगळ्या बाटल्या फिक्या पडल्या. ही जात मी समुद्रकाठच्या एका प्रयोगशाळेतून मिनतवारीने आणली होती. ती गेली असती तर माझं काम तिथेच संपलं असतं. मीठ तपासलं, ऊन तपासलं. शेवटी आईला विचारलं, कोपऱ्यातल्या पाण्याच्या कॅनला हात लावलास का.

"प्लॅस्टिकमदी कवापासून हुतं कुनास ठाऊक. रातभर तांब्याच्या हंड्यात ठेवलं आनि परत भरलं. हंड्यातलं पानी लई चांगलं असतं."

माणसाला असतंही. जे विष मी काट्यावर कणाकणाने तोलत होते, ते आईने हंड्यातून ओतलं होतं.

"अगं, तेच तर विष आहे त्यांना," मी चिडून म्हणाले.

"म्हंजे मीच मारलं?"

तिचा चेहरा एवढासा झाला. मग मला रागही धरता येईना. माझं पाणी शिळं झालं असेल, एवढीच तिची काळजी होती.

पडद्याआडच्या एका लहान बाटलीत नवं पाणी घालायचं राहून गेलं होतं. तिच्यातलं शेवाळ जिवंत निघालं. त्यातूनच पुन्हा सगळ्या बाटल्या भरायच्या, असं ठरवलं. तुळशीचं लग्न उरकलं तरी आई कर्जतला गेली नाही. सकाळी उठली की चुलीआधी खिडकीकडे. मी शिकवल्याप्रमाणे एकेक बाटली हलकेच हलवायची आणि उन्हाकडे फिरवून ठेवायची. हळूहळू सगळ्या बाटल्यांना रंग चढला. मला फार बरं वाटलं. आई तर शेजारणींना बोलावून दाखवत होती.

प्रयोगासाठी बाटल्या कॉलेजात न्यायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "एक तरी ठेव गं."

"एक तरी बिनऔषधाची ठेवावीच लागते. नाहीतर बाकीच्या औषधाने मेल्या की कशाने, ते कळणार कसं?"

"मंग कुठली ठेवनार?"

"तूच सांग."

आईने एकेक बाटली उजेडात धरून पाहिली आणि परत जागेवर ठेवली. मग पुन्हा पहिल्यापासून. "मला न्हाई जमायचं," ती म्हणाली. "सगळ्या सारख्याच हायेत." आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

मी नेहमीसारख्या चिठ्ठ्या टाकल्या आणि एक उचलली. आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"कुठली वाचली?" आईने विचारलं.