पाचव्या चाकाचं लिंबू

बायकोला बसने पाठवून गाडीत तिच्या जागेवर चाक बसवणारा माणूस उभ्या मुंबईत एकच असेल, आणि तो नेमका माझ्याच नात्यात निघावा हे माझं नशीब. हे माझ्या बायकोचे मामा. राहणार गिरगाव. जन्मभर एका कंपनीत बसून इमारतींचे नकाशे काढले, आणि निवृत्तीनंतर सगळा जीव लावला तो एका लाल, दोन सीटच्या, विलायती स्पोर्ट्‌स कारवर. खोताच्या वाडीतले एक म्हातारे साहेब मुलाकडे कायमचे परदेशी गेले, तेव्हा ही गाडी ते मामांच्या हवाली करून गेले. चाकांना सायकलसारख्या तारा, वर कापडी टप, आणि गाडी इतकी बुटकी की माणूस आत बसतोय की पडतोय ते बघणाऱ्याला कळत नाही. निघताना साहेब म्हणाले म्हणे, "बाकी काय वाटेल ते बदल, पण स्टेपनीला हात लावू नकोस. ती अजून रस्त्यावर उतरलेली नाही." साहेब विमानात बसून सुटले, अडकलो आम्ही.

ही स्टेपनी डिकीत असते. गाडीबरोबर कारखान्यातून आलेलं हे पाचवं चाक. कोऱ्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते या टायरवर गेल्या वर्षापर्यंत शाबूत होते, आणि मामांच्या स्वतःच्या डोक्यावर आहेत त्याहून जास्त होते. दर रविवारी मामा ते मऊ ब्रशने झटकायचे, टायरला हवा भरायचे आणि येईल त्याला बोट लावून बघायला सांगायचे. मलाही सांगितलं. मी जरा जोर लावला तर ओरडले, "जावईबापू, अहो हळू! केस आहेत ते!" जुन्या गाड्यांचं दरवर्षी प्रदर्शन भरतं, तिथे परीक्षक डिकीत डोकं घालून हे केस बघायचे आणि अस्सलपणाचा चषक मामांना द्यायचे. दसऱ्याला लोक गाडीच्या चार चाकांखाली चार लिंबं ठेवतात. मामा पाच आणायचे. पाचवं चाक कुठेच फिरत नसल्यामुळे त्याचं लिंबू चिरडायचा प्रश्नच यायचा नाही, ते हळदकुंकू लावून टायरवर ठेवलं जायचं आणि डिकी बंद व्हायची. दिवाळीपर्यंत असा काही वास सुटायचा की फराळाला आलेले लोक बसल्या बसल्या आपापल्या चपला बघायचे.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण आपल्या रस्त्यांवर गाडी पंक्चर होणारच. मूळची स्टेपनी वापरायची नाही म्हणजे वापरायला दुसरी हवी, आणि डिकीत जागा एकाच चाकाची. म्हणून ही कामाची स्टेपनी मामांच्या शेजारच्या सीटवर बसायची. जुनी चादर गुंडाळून, वर पट्टा बांधून. एकदा मला माहीमला सोडतो म्हणाले आणि ते चाक सरळ माझ्या मांडीवर दिलं. "दोन्ही हातांनी धरा हं, तारा वाकायला नकोत." माहीमला उतरलो तेव्हा माझी पँट धुण्याच्या पलीकडे गेली होती आणि मामा माझ्या मांडीकडे न बघता चाकाच्या तारा तपासत होते.

खरी कमाल मामींची. एका लग्नाला त्याही असंच चाक मांडीवर घेऊन निघाल्या होत्या, पैठणीवर वंगणाचा डाग पडला आणि तेव्हापासून त्या गाडीत बसल्याच नाहीत. कुठेही जायचं असलं की मामा गाडी काढत आणि मामी म्हणत, "तुम्ही व्हा पुढे, मी बसने येते. चाक सुखरूप पोचलं की फोन करा." एकदा मात्र माझ्या बायकोपाशी बोलून गेल्या, "इतकी वर्षं दारात उभी आहे गं ती. एकदा वारा खात घरी यायचं होतं मला तिच्यातून." हे ऐकल्यापासून मला त्या डिकीचा रागच यायचा. मामींना एकदा फिरवून आणा असं मामांना सांगितलं, तर ते गंभीरपणे म्हणाले, "मग ते चाक ठेवू कुठे?"

गेल्या वर्षी परळच्या एका हॉस्पिटलात मामींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरी न्यायला मी टॅक्सी बघत होतो, तेवढ्यात मामा गाडी घेऊन हजर. शेजारची सीट रिकामी! चाक घरी ठेवून आले होते. हवेची धूळ नको म्हणून टपही चढवला होता. डोळ्यांवर हॉस्पिटलचा मोठा काळा चष्मा, डोक्यावरून पदर, अशा मामी त्या लाल गाडीत बसल्या तेव्हा वॉर्डबॉयसुद्धा बघत राहिला. मी त्यांची पिशवी घेऊन स्कूटरवर मागे निघालो.

लालबागच्या पुलाखाली मागचं चाक बसलं.

गाड्यांचे हॉर्न, धूळ, ऊन, आणि मधोमध आमची लाल गाडी एका बाजूला कलून उभी. मामा उतरून चाकाकडे बघत राहिले. मी चिडून म्हणालो, "आता काय करताय? घरून ते चाक आणेपर्यंत यांना इथे बसवणार?" तेवढ्यात आतून मामींचा आवाज आला. आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "मी उतरते. टॅक्सी करा, जावईबापू. मला सवय आहे."

मामा दोन पावलं आले, थांबले, आणि डिकीकडे वळले. "तू बस," म्हणाले. स्टेपनी त्यांनी स्वतः उचलली, मला हात लावू दिला नाही. जॅक लावला, चाकाच्या मधोमध असलेला एकुलता एक नट हातोडीने ठोकून सैल केला, जुनं चाक काढलं, ते बसवलं. जॅक उतरवताना मात्र दुसरीकडे बघत राहिले. मग गिरगावपर्यंत गाडी अशी चालवली की हातगाडीवालेसुद्धा आम्हाला मागे टाकून गेले. जुनं रबर, त्यांना भीती वाटत असणार. आतून मामींचं हसणं ऐकू येत होतं. टप उघडा म्हणून त्या हट्ट करत होत्या.

पंक्चर काढून जुनं चाक जागेवर आलं आणि स्टेपनी परत डिकीत गेली. पुढच्या प्रदर्शनात परीक्षकांनी डिकीत डोकं घातलं, टायरवर हात फिरवला आणि म्हणाले, "अरेरे, हा रस्त्यावर उतरलाय!" मामा म्हणाले, "हो. हिला घरी आणायचं होतं." चषक दुसऱ्याच कुणाला गेला.

कामाची स्टेपनी आता माळ्यावर आहे. एकदा उतरलेल्या चाकाचं आता सोवळं कसलं, असं मामा म्हणतात. यंदा दसऱ्याला त्यांनी सवयीने पाचच लिंबं आणली. चार चाकांखाली ठेवली, मामी गाडीत जाऊन बसल्या, आणि मामा पाचवं लिंबू घेऊन डिकीशी गेले. टायरवरून त्यांनी अंगठा फिरवला. केस होते तिथे आता गुळगुळीत लागतं. माझ्या ओठांवर एक टोमणा आला होता, तो मी गिळला. त्या म्हाताऱ्याला एवढ्या वर्षांत मी इतका एकटा कधी पाहिला नव्हता.

मग त्यांनी डिकी लावली, फिरून मामींच्या बाजूला आले आणि लिंबू त्यांच्या हातात दिलं.

"हे काय?" मामींनी विचारलं.

"धर," मामा म्हणाले. "तुझ्या जागेचं आहे."