मामांनी सोडून न दिलेलं पाणी

पाण्याच्या बाबतीत आमच्या हिच्या मामांइतका संशयी माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. नळावर त्यांचा विश्वास नव्हताच, पण महापालिकेवर, टँकरवाल्यावर, पंचांगातल्या पर्जन्ययोगावर आणि डोक्यावर आलेल्या ढगावरही नव्हता. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर कालव्याचं पाणी मोजण्याची नोकरी केली. निवृत्त होऊन गारखेड्यात घर बांधलं, तर तिथं मोजायलाही पाणी येईना. दुष्काळाची ती लागोपाठची वर्षं. शहर तेव्हा औरंगाबादच होतं आणि असं सुटलं होतं, की यंदा ज्वारी दिसली तिथं पुढच्या वर्षी तीन मजले आणि गच्चीवर चार काळ्या टाक्या. टाक्या वाढल्या, पाणी होतं तेवढंच. आठवड्यानं नळ आला, की मामा हंडे, कळश्या, पातेली, कुकर, एवढंच काय, चहाचा थर्मासही भरून ठेवत. मी जावई म्हणून पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा हात धुताना त्यांनी स्वतः खाली बादली धरली. मला तो मान वाटला. मग ते पाणी माझ्यादेखत कढीपत्त्याला गेलं.

दुसरं वेड पंचनाम्याचं. कालवा फुटला, कोणी चोरून पाणी घेतलं, की दोन पंच उभे करून कागद करायचा, ही खात्यातली सवय. निवृत्तीनंतर कालवा सुटला, सवय सुटली नाही. आम्ही भेट दिलेलं घड्याळ बंद पडलं, तर त्याचाही पंचनामा झाला: 'सदर घड्याळ आज रोजी सकाळी बंद अवस्थेत आढळून आले.' पंच म्हणून मी आणि दूधवाला. दूधवाल्यानं न वाचता सही ठोकली. तो रोजचाच पंच होता. गुलमंडीत मामींना साडी घेतली, तरी ती उलगडून, पदर उन्हात धरून, दुकानदाराची सही घेतल्याशिवाय मामा हलत नसत. तेवढ्यात मामी शेजारच्या दुकानात बांगड्या भरून येत.

तर, मामींचे डोळे दाखवायला दोघांना पुण्याला जायचं होतं. नातेवाइकांकडं उतरू म्हणत होते; मीच हट्टानं माझ्या क्रेडिट कार्डावर एक बऱ्यापैकी हॉटेल ठरवून दिलं. परत आल्यावर मामी डोळ्यांबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या त्या टबाबद्दल. मामींचं माहेर फुलंब्रीकडं, मेंढरं राखणारं. तिथं आधी मेंढरांना पाणी, मग माणसांना, आणि उरलं तर अंघोळ. त्या हॉटेलात मामांनी चक्क टब भरला आणि म्हणाले, "जा, बस." मामी सांगत, "गळ्यापतोर पाणी ओ जावईबापू. हात ढिला सोडला की आपोआप वर येतोय. मी तर येड्यावानी हसायलाच लागले." टँकरच्या रांगेत बायका त्यांना मुद्दाम ही गोष्ट सांगायला लावत, आणि मामी बादली खाली ठेवून दोन्ही हात हवेत तरंगवून दाखवत.

तीन आठवड्यांनी हॉटेलनं माझ्या कार्डावर दणदणीत रक्कम लावली: खोलीतली लाकडी फरशी पाण्यानं खराब केल्याबद्दल. आणि मी शहाण्यानं काय करावं? मामांकडं चहा पिता पिता सरळ विचारलं, "मामा, तिथं खोलीत काही सांडलं होतं का?" मामा काही बोलायच्या आत मामींचा चेहरा उतरला. "माझ्याच हातून झालं असंल," त्या म्हणाल्या. "निथळायच्या आधीच बाहेर आले मी." कप उचलून त्या आत गेल्या. त्या दिवसापासून टबाची गोष्ट बंद. कोणी विषय काढलाच तर म्हणत, "काय नाय, हॉटेलासारखं हॉटेल." मला माझ्या जिभेची अशी लाज वाटली, की रक्कम गुपचूप भरून टाकावी म्हटलं. मामा तयार होईनात. "पैसे तुम्ही भराल ओ," ते म्हणाले. "पण तिच्या मनाला जे लागलंय, ते कसं निघायचं?"

मग बँकेकडं तक्रार केली. बँकेनं पुरावा मागितला. मामांनी शांतपणे पिशवीतून कागद काढला. खोलीत पाऊल टाकल्याबरोबर त्यांनी तिचा पंचनामा केला होता! पडद्याच्या दोन कड्या गायब, आरशाला तडा, आणि 'स्नानगृहाच्या दारालगतच्या लाकडी फळ्या फुगलेल्या व काळपट आढळून आल्या.' पंच: सामान वर आणणारा कामगार आणि समोरच्या खोलीत उतरलेले नांदेडचे एक गृहस्थ. त्या गृहस्थांना काय वाटलं असेल, देव जाणे. मी खूश होऊन कागद पाठवला, तर हॉटेलनं उलट फोटो धाडला: खोली सोडल्यानंतरही टब पाण्यानं भरलेला. म्हणजे पाणी यांनीच सांडलं, असं त्यांचं म्हणणं.

"मामा, निघताना पाणी सोडलं नाहीत?"

मामा खाली बघायला लागले. "बूच काढायला हात घातला होता मी. पण एवढं पाणी डोळ्यांदेखत गटारात सोडायचं? जीव झाला नाय. म्हटलं, झाडणाऱ्या बाईला फरशी पुसायला व्हईल."

हे असं उत्तर मी बँकेला काय कप्पाळ कळवणार? मी सुचवलं, टब आम्ही भरलाच नव्हता, असं लिहून मोकळं होऊ. मामांना ते अजिबात आवडलं नाही. "भरला म्हणूनच लिहा," ते म्हणाले आणि फोटो डोळ्यांजवळ नेला. टबाच्या आतल्या बाजूला एक लाल ठिपका होता. ती मामींची टिकली. मामी आत बसल्या की पाणी वर चढणार, म्हणून मामांनी टब वीतभर कमी भरला होता आणि पातळीच्या खुणेला टिकली चिकटवली होती. कालव्यावर मोजपट्टी लावतात, तशी. फोटोत पाणी बरोबर टिकलीला टेकलं होतं. "भरलं तेवढं पाणी जिथल्या तिथं हाय," मामा म्हणाले. "सांडलं असतं तर पातळी उतरली असती. त्यांचाच फोटो आपला पुरावा." मात्र टबात कोण बसलं होतं, ते त्यांनी लिहू दिलं नाही. बाईमाणसाच्या अंघोळीची चर्चा बँकेत कशाला, असं त्यांचं मत पडलं. त्या सगळ्या 'सदर' आणि 'तथापि'चं इंग्रजी करता करता मला घाम फुटला.

दीड महिन्यानं रक्कम परत आली. मी मोबाइल नाचवत गारखेड्याला गेलो. मामांनी मेसेज दोनदा वाचायला लावला आणि विचारलं, "आमची चूक नव्हती, असं कुठं लिहिलंय?" ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. मग त्यांच्या समोरच बँकेला फोन लावावा लागला. बऱ्याच वेळानं एक मुलगी बोलायला आली. आवाजावरून आपल्याच भागातली वाटली. तिनं नोंद बघून सांगितलं, की फरशी आधीपासूनच खराब असल्याचं मान्य झालंय. मामांनी माझ्या हातातून फोन घेतला, स्वयंपाकघरात नेला आणि मामींच्या कानाला लावला. "बाई, हे जरा हिला सांगा," म्हणाले. तिकडून ती मुलगी काय बोलली, मला ऐकू आलं नाही. मामी "व्हय का?" म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं पुन्हा, "व्हय का?" मग पदरानं डोळे पुसून त्यांनी आम्हाला बाहेर पिटाळलं. त्याच आठवड्यात टँकरच्या रांगेत त्यांचे हात पुन्हा तरंगायला लागले, असं आमची ही मला सांगत आली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

मामी गेल्या, त्याला आता काही वर्षं झाली. परवा मामांकडं गेलो होतो. शेजारच्या नव्या बिऱ्हाडातल्या बाई आल्या होत्या. मामींना त्यांनी पाहिलेलं नव्हतं, म्हणून मामा त्यांना टबाची गोष्ट सांगायला लागले. पण त्यांना ती काही केल्या जमेना. "मी दाराच्या बाहेर बसलो होतो," ते म्हणाले. "मला काय दिसणार? नुसता हसायचा आवाज येत होता. चाळीस वर्षांत हिला तसं हसताना ऐकलं नव्हतं. लई वेळ झाला होता, पाणी गार झालं असंल, म्हणून दार वाजवायला उठलो." मग म्हणाले, "नाय वाजवलं."