पॅडखालची भेग

बोर्डवरचं पॅड मागच्या बाजूने सुटायला लागलं होतं. पॅडलबोर्ड म्हणजे पाण्यावर उभं राहून वल्हवायची लांबलचक फळी. पाय घसरू नयेत म्हणून तिच्या मधल्या भागावर रबरी फोमचं पॅड चिकटवलेलं असतं. माझं पॅड टाचेखाली फुगून वर यायचं आणि पाय दिला की पचपच वाजायचं. दोनदा मी कडेने चिकटवायचं सोल्यूशन भरलं, वर विटा ठेवल्या. आठ दिवसांत पुन्हा तेच.

बोर्ड मुळात दादाचा. मी आणि आई बोरिवलीत राहतो, तो बायको-मुलीसह दोन गल्ल्या सोडून. दर रविवारी सकाळी तो गोराईच्या खाडीत जायचा. मग एकदम बंद केलं. विचारलं की म्हणायचा, वेळ नाही. बोर्ड सहा महिने आमच्या पार्किंगमध्ये भिंतीला टेकून होता. एका दुपारी जेवताना मी म्हटलं, "तुला नको असेल तर मी नेऊ?"

त्याने आईकडे पाहिलं. म्हणाला, "ने. पण लांब जाऊ नकोस." मोठे भाऊ असं बोलतातच, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

साकीनाक्याला माझ्या ऑफिसमागे सोफे बनवणाऱ्यांचे गाळे आहेत. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराला मी मोबाइलवर पॅडचा फोटो दाखवला. त्याने चष्मा वर केला. "ऊपर ऊपर से मत चिपकाओ, ताई. पूरा निकालो. पहले देखो नीचे क्या है."

शनिवारी सकाळी बोर्ड गच्चीवर नेला. हेअर ड्रायरने पॅड गरम करत, पुट्टीच्या पत्तीने एकेक बोट सोडवत गेले. खाली वाळलेला गोंद असेल, तो थिनरने पुसायचा, एवढंच डोक्यात होतं.

मध्यापर्यंत आले आणि पांढरी रेघ दिसली. बोर्डच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. टाइल्सच्या फटीत भरतात तसलं काहीतरी भरून, घासून सपाट केलेलं, आणि तेही आता तडकलेलं. मी अंगठ्याने दाबलं तर तपकिरी पाणी वर आलं. पत्ती टेकवली तर मुठीपर्यंत आत गेली. वरचं कवच आडवं तुटलं होतं, आतला फोम पावासारखा भिजला होता. बोर्ड नुसत्या खालच्या कवचावर टिकून होता.

मी तापलेल्या फरशीवर बसले. ड्रायर चालूच होता, तो बंद करायचं सुचलं नाही. मागच्या रविवारी या रेघेच्या पुढे माझी अकरा वर्षांची भाची मांडी घालून बसली होती. दादाची मुलगी. खाडीच्या ऐन मध्यावर.

दादाला फोन केला. "गच्चीवर ये. आत्ता."

दहा मिनिटांत आला. बोर्डकडे पाहिलं आणि म्हणाला, "पॅड कशाला काढलंस?"

मला वाटलं होतं तो विचारेल, हे काय झालं? तसं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे तुला माहीत होतं."

तो कठड्याला टेकला आणि अगदी हळू सांगायला लागला. ओहोटीला परतताना पाण्याच्या ओढीने त्याला जुन्या धक्क्याच्या खांबांत नेलं. बोर्ड आडवा आदळून मोडला. बोर्डपासून पायाला बांधलेली दोरी खांबात अडकली. "मी पाण्याखाली होतो. दोरी सुटेना. एका होडीवाल्याने कोयत्याने कापली."

"आणि आम्हाला सांगितलंस स्कूटरवरून पडलो."

"आईला काय सांगणार होतो?"

ते खरं होतं. आईचा धाकटा भाऊ गावी मालवणात खाडीत बुडाला. आमच्या घरात पाण्याचं नाव जपूनच घेतात.

"मग हे पॅड?"

"फेकून देणार होतो. फेकवेना. मोडलेला दिसला असता तर आईने विचारलं असतं, म्हणून भरून वर नवं पॅड लावलं. आणि तू तिच्यासमोरच मागितलास."

"नाही म्हणायचं होतंस."

"कारण काय सांगू? वाटलं, तू दोनदा काठाकाठाने जाशील आणि सोडून देशील."

मला ओरडायचं होतं, पण माझंही काही लपवलेलं होतं. त्याने मुलीला पाण्याजवळ जायची बंदी केली होती, आणि आम्ही दोघी इडली खायला जातो असं सांगून गेलो होतो.

"दादा, मागच्या रविवारी ती माझ्याबरोबर होती. यावर."

"कोण ती?" म्हणाला, आणि मग त्याला कळलं. "किती लांब?"

"पलीकडच्या खारफुटीपर्यंत. लाइफ जॅकेट तिला घातलं होतं."

"आणि तुला?"

"एकच होतं."

तो माझ्यावर चिडला नाही. कोपऱ्यातल्या नळाखाली डोकं धरून ओणवा राहिला. मी नळ बंद केला तेव्हा तो म्हणाला, "आईला सांगू या. मला आता जमत नाही."

आई बांगडे साफ करत होती. ऐकता ऐकता तिने हात धुतले, स्टूल ओढून बसली आणि त्याला म्हणाली, "पाय दाखव." घोट्याभोवती दोरीचा वण होता. स्कूटरची जखम समजून त्यावर तिनेच हळद लावली होती. दोन दिवस ती आमच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "त्या होडीवाल्याक परत भेटलंस?"

भेटला नव्हता.

रविवारी आम्ही तिघं गोराईच्या खाडीवर गेलो. आईने नारळ आणि होडीवाल्याच्या बायकोसाठी साडी घेतली होती. होडीवाला जाळं सांधत होता, त्याने दादाला लगेच ओळखलं. आई हात जोडायला लागली तसा तो संकोचला. "अहो, मी काय केलं. वर काढला तेव्हा श्वास नव्हता. पालथा घालून पाठीवर मारत बसलो. मला वाटलं, गेला हा."

दादाने हे गच्चीवरही सांगितलं नव्हतं. आईने माझा दंड धरला. तिची बोटं दुसऱ्या दिवशीपर्यंत हातावर उमटलेली होती.

बोर्ड आम्ही फेकला नाही. साकीनाक्याच्याच एका फायबरवाल्याने भिजलेला फोम कापून काढला, बोर्ड महिनाभर वाळवून नवा फोम भरला, वर फायबर कापडाचे दोन थर दिले. नवं पॅड मी आणि दादाने गच्चीवर लावलं. पॅड आणि बोर्ड दोन्हींना सोल्यूशन लावून, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबलो, मग मधून कडेला लाटण्याने दाबत गेलो. एक टोक त्याने धरलं होतं. मी विचारलं, पाण्याखाली असताना काय आठवलं.

"काही नाही," तो म्हणाला. "खांबावरचे शिंपले बघत होतो. नीट दाब, हवा राहील."

भाची आता तलावावर पोहायला शिकते, दादा स्वतः तिला सोडतो. मी भरतीला जाते, जॅकेट घालून, आणि निघताना आईला सांगून. ती हो म्हणत नाही. गॅस बारीक करते आणि मी परत येईपर्यंत ओट्यापाशीच उभी असते.