अध्यक्षांची वाफेची खोली

आमचे अध्यक्ष गोरेपान, निळ्या डोळ्यांचे. बोलायचे मात्र अंबरनाथच्या बाजारातल्या माणसासारखे. कुणी इंग्रजीत सुरुवात केली की म्हणायचे, "अहो, माझा आजा जहाजावरचा सुतार. त्यालाही इंग्रजी येत नव्हतं." हा आजा फिनलंडहून मुंबईच्या गोदीत आला आणि परत गेलाच नाही. नातवाने अंबरनाथला लाकडाची वखार घातली, आणि गावाने त्यालाच नगरपालिकेचा अध्यक्ष केलं. मी त्यांच्या कचेरीत कारकून होतो.

आजाची एकच गोष्ट त्यांनी जपली होती. वखारीमागे लाकडी खोली होती. शनिवारी संध्याकाळी तिथे दगड तापवायचे, त्यांवर पळीने पाणी टाकायचं आणि पंचा नेसून वाफेत बसायचं. येईल त्याला बाकावर जागा. शेजारच्या सिंधी निर्वासितांच्या कॅम्पातला कापडवाला गोविंदराम यायचा. "साईं, उन्हाळा कमी पडतो म्हणून लाकडं जाळता?" असं दर खेपेला विचारायचा. गटारं उपसणारा भिकाजी यायचा. मीही जायचो. भिकाजी आला की मी भिंतीकडे सरकायचो. अध्यक्ष म्हणायचे, "कारकून, इकडे सरका. घाम सगळ्यांचा खारटच."

घरी मी कचेरीचं काम सांगायचो. खरं कळलं असतं तर वडिलांनी मला उंबऱ्याआत घेतलं नसतं.

पुढे अध्यक्षांनी भिकाजीच्या वस्तीला नळ देण्याचा ठराव आणला. विरोधकांनी भर सभेत त्या खोलीचा विषय काढला. बंद दाराआड दारू चालते, म्हणाले. "कोण कोण येतं? नावं सांगा."

"ज्याचं नाव त्याने सांगावं," अध्यक्ष म्हणाले.

गोविंदराम त्या दिवशी कॅम्पात दुकानावर होता. भिकाजी उठला. "मी जातो. नुसती वाफ असते, साहेब." लोक हसले. मग एकाने मला विचारलं, "तुम्ही तर कचेरीतले. कधी गेलात?"

वडील दुसऱ्या रांगेत बसले होते.

"नाही," मी म्हणालो. "कधीच नाही."

भिकाजीने माझ्याकडे पाहिलं आणि तो खाली बसला. ठराव पडला. महिनाभरात अध्यक्षांचं पदही गेलं.

वखार विकून जाण्याआधी ते कचेरीत आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या टेबलावर ठेवलं. आत माझा पंचा होता, धुऊन घडी घातलेला. कोपऱ्यात आईने लाल दोऱ्याने घातलेलं माझं नाव.

"बाकावर राहिला होता. घरी शोधत असतील," म्हणाले आणि निघून गेले.

सभेच्या दिवशीही तो पंचा त्यांच्याजवळच होता.

वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही शनिवारी बंबातलं पाणी सूं सूं करायला लागलं की शेजारी कुणी सरकून जागा केल्यासारखं वाटतं. मी पेटीतून पंचा काढतो. नेसायला मात्र हात धजत नाही.