‘प्रिव्हेंट’चा जुना अर्थ

त्या सकाळी देवच माझ्या वाटेत आडवा आला आहे, अशी माझी खात्री झाली होती. आम्ही नंदुरबारकडचे ख्रिस्ती. नव्वदच्या सुमारास सिल्वासाजवळ सामरवरणीला भाड्याच्या खोलीत राहत होतो. यजमानांचा कारखाना महिनाभर बंद होता आणि सिल्वासाच्या एका शाळेतून मला शिक्षिकेच्या मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. इंग्रजीची भीती जावी म्हणून मी वडिलांचं जुनं इंग्रजी बायबल वाचायची. त्या दिवशी स्तोत्रात नेमकं आलं, की देव मला ‘प्रिव्हेंट’ करील. हा शब्द दवाखान्यातल्या मलेरियाच्या पाटीमुळे मला पक्का ठाऊक होता. म्हणजे प्रभू मला डासासारखं रोखणार!

“तू नीघ, देवाला दुसरी कामं आहेत,” यजमान म्हणाले.

निघाले, तर फाट्यावर चप्पल तुटली. टेम्पो आला. नऊला शाळेत मुलाखत आहे, म्हणून मी गयावया केली. “जगा नथी, बेन,” म्हणत ड्रायव्हर निघून गेला. प्रभो, समजलं, असं म्हणून मी चप्पल हातात घेऊन घराकडे वळले.

फाट्यावरच्या बाकावर कपाळाला गंध लावलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. रत्नागिरीकडचे, इंग्रजीचे निवृत्त मास्तर. माझे भरलेले डोळे पाहून त्यांनी चौकशी केली. मी पिशवीतून बायबल काढून ओळ दाखवली. मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

“अगो, हे जुनं इंग्रजी. तेव्हा ‘प्रिव्हेंट’ म्हणजे आधी पुढे जाणं. तो तुला अडवत नाहीये, तुझ्यापुढे गेलाय. पळ!”

मी अनवाणीच पळत सुटले. अर्धा तास उशिरा शाळेच्या फाटकाशी पोचले, तर पहारेकरी म्हणाला, “चप्पल तुटलेल्या बाई तुम्हीच ना? टेम्पोवाला सांगून गेलाय, बाई येताहेत, थांबा म्हणून. मोठ्या बाईंनी तुमचा नंबर शेवटी ठेवलाय.”

मला भरूनच आलं. त्या भरात, कशा आलात, असं मुख्याध्यापिकांनी इंग्रजीत विचारल्यावर मी छातीठोकपणे म्हणाले, “गॉड प्रिव्हेंटेड मी!”

“मग इथे कशा?” त्यांनी चक्रावून मराठीत विचारलं.

सगळी हकिगत सांगावी लागली. नोकरी मिळाली.

मास्तरांचं नाव विचारायचं राहून गेलं. समर्पण मला अजून नीट जमत नाही. काही अडलं की आधी मी देवावर रुसते. पण रुसले तरी आता माघारी वळत नाही. एवढं त्यानं माझ्याकडून करून घेतलं, त्याबद्दल त्याची ऋणी आहे.