विचारणारे शमुवेल सर

नागपूर शहरातील तमाम ख्रिस्ती बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सल्ला विचारून तो पाळणारा आपल्यातला अखेरचा माणूस दीड महिन्यापूर्वी वारला. बाकी आपण सगळे सुखरूप आहोत.

शमुवेल सर नंदनवनात राहायचे. शाळेत त्यांनी मला चित्रकला शिकवली. माझ्या आंब्याला तोंडावर वांगं म्हणणारे ते पहिले गृहस्थ. निवृत्तीनंतर महिन्यातून दोन रविवार आमच्या चर्चमध्ये उपदेश करायचे. बायको गेल्यावर त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं... शनिवारपासून कोट झटकून तयार असायचा. मागच्या वर्षी ते विसरू लागले. बायबलातल्या घर सोडून परत येणाऱ्या उधळ्या पुत्रावरचा तोच उपदेश, तोच विनोद, त्याच वाक्याला रुमाल. सर दारात उभे राहून प्रत्येकाला विचारायचे, "बरं झालं ना?" आणि आम्ही त्यांचा हात हातात घेऊन म्हणायचो, "आशीर्वादित झालो, सर." खोटं बोलायला इतका सोज्वळ शब्द आमच्याकडे दुसरा नाही. मी तो दोनदा वापरला.

आमच्याकडे सल्ला कसा विचारतात तेही ऐका. पोरीचं लग्न ठरवायचं, हॉल बुक करायचा, पत्रिका छापायला टाकायच्या आणि मग पाळकांना म्हणायचं, "प्रार्थना करा, प्रभूची इच्छा कळू द्या." प्रभू बिचारा काय करणार?

एका रविवारी सरांनी रत्नाबाईला गाठलं. ती चर्च झाडते, सतरंज्या घालते आणि मागे बसून प्रत्येक उपदेश ऐकते. मी शेजारीच चप्पल शोधत होतो.

"रत्नाबाई, माह्या उपदेशात काही बिघडलं काय?"

"सर, या उन्हाळ्यात उधळ्या पुत्र तीनदा घरी आला," ती म्हणाली. "त्याचा बाप थकला असन आता."

सरांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "मंग काय करू?"

"बसा आता. लोकं हासतात मागं."

ते माझ्याकडे वळले. "तुले माहीत होतं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, सर."

"वाईट मले वाटलं असतं गा. तू काहून भ्यायला?"

त्याच दिवशी त्यांनी उपदेशकांच्या यादीतून स्वतःचं नाव काढायला लावलं. आमच्या चर्चच्या पंचांना मात्र धर्म बुडाल्यासारखं झालं. झाडणाऱ्या बाईनं उपदेशकाला शिकवावं? तिनं माफी मागावी, नाहीतर काम सोडावं, असं ठरायला आलं. सर सभेत उभे राहिले. "तिले मी विचारलं होतं. विचारलं तर तुम्हालेही होतं. माफी कोणं मागायची, ते ठरवा." पंचांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला. ती सभा अजून व्हायची आहे.

त्यानंतर सर शेवटच्या बाकावर बसू लागले. दर रविवारी रत्नाबाईला काहीतरी विचारायचे आणि तसं करायचे. काठी घ्या म्हणाली, घेतली. पोराले फोन करा म्हणाली, केला. चार वर्षांचा अबोला तिथं संपला. शेवटी तोच पोरगा उशाशी होता.

गेल्या रविवारी स्मरणसभा झाली. शेवटचा बाक आम्ही हार घालून रिकामा ठेवला. मेलेल्यांचा मान ठेवण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. पाळक पाऊण तास बोलले आणि म्हणाले, "सरांची नम्रता आपण सर्व अंगी बाणवू या." आम्ही दणदणीत आमेन म्हटलं. तेवढ्यात मागून रत्नाबाई मोठ्यानं बोलून गेली, "मंग विचारा ना कोणी काही."